मेथोट्रेक्सेट पुरेसे पडत नसेल तर: संधिवाताच्या पाच औषधगटांची रिसेप्टरच्या अंगाने तुलना

रुमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू करून, त्याची मात्रा आठवड्याला २० ते २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवूनही तीन ते सहा महिन्यांत सकाळचा ताठरपणा, बोटांच्या सांध्यांवरची सूज आणि रक्तातील सीआरपी (सुजेचा अंदाज देणारे प्रथिन) यांत पुरेसा फरक पडला नाही, तर संधिवाततज्ज्ञ पुढच्या औषधांचा विषय काढतात. त्यात साधारणपणे पाच गट असतात: टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने, आयएल-६ या तशाच प्रथिनाचा रिसेप्टर (पेशीवरचा, संदेश घेणारा भाग) झाकणारे टोसिलिझुमॅब, प्रतिकारयंत्रणेतील टी पेशींना मिळणारा दुसरा इशारा रोखणारे अबाटासेप्ट, बी पेशी नाहीशा करणारे रिटुक्सिमॅब आणि रिसेप्टरच्या आतल्या बाजूचे काम थांबवणाऱ्या जॅक गटातील गोळ्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी किंवा पलीकडे हल्याळ-जोयडा भागातील ज्या कुटुंबासमोर ही नावे आली आहेत आणि ज्यांना डॉक्टरांच्या पुढच्या भेटीपर्यंत घरात काहीतरी ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

या पाचांत सर्वांत जालीम कोणते, हा प्रश्न बहुतेक घरांत सर्वांत आधी विचारला जातो, पण त्यातून निर्णय होत नाही. मेथोट्रेक्सेटच्या जोडीने दिल्यास सूज उतरवण्यात ही औषधे सरासरीने एकमेकांच्या बरीच जवळ येतात आणि समोरासमोरच्या चाचण्यांत दिसलेले फरक थोडे असतात. खरा फरक औषध प्रतिकारयंत्रणेच्या कोणत्या जागी हात घालते यात आहे, कारण फायदा जिथून येतो तिथूनच तोटाही येतो. कोणाला क्षयाची भीती जास्त, कोणाला नागिणीची, कोणाची लस वाया जाण्याची शक्यता, कोणाच्या रक्ततपासणीवर पुढे विसंबता येणार नाही, हे सारे त्या जागेवरून कळते. आपल्या सीमाभागात तर क्षयाचा इतिहास, तज्ज्ञापर्यंतचे अंतर आणि घरातील वीज या तीन गोष्टी औषधाच्या ताकदीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात, असे माझे मत आहे.

पर्याय तपासण्याआधी पाया तपासावा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्यासोबत फॉलिक ॲसिड लागते. ते चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. गोळी पचत नसेल किंवा पुरेशी लागू पडत नसेल, तर तेच औषध कातडीखाली टोचून घेता येते. काही जण मधल्या काळात नाव नसलेल्या पुड्या घेतात. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते आणि त्यामुळे मूळ औषधाचा परिणाम झाला की नाही हेच कळेनासे होते. शिवाय महागड्या इंजेक्शनांच्या आधी एक स्वस्त पायरीही शिल्लक असते. मेथोट्रेक्सेटला सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांची जोड देणे ही ती पायरी. मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या ३५३ रुग्णांवरील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही तिहेरी जोडी एटानरसेप्ट व मेथोट्रेक्सेट यांच्या तुलनेत कमी ठरली नाही. गोळ्यांची संख्या वाढते आणि काहींना मळमळते, पण ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांनी ही पायरी ओलांडण्यापूर्वी डॉक्टरांना तिच्याविषयी विचारलेच पाहिजे.

बिघाड कोणत्या रिसेप्टरपाशी होतो

प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट प्रकारचा रिसेप्टर असतो. दुसऱ्या पेशीने एचएलए नावाच्या प्रथिनावर धरून दाखवलेला प्रथिनाचा तुकडा तो ओळखतो. एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे काही प्रकार ज्यांच्यात असतात, त्यांच्यात सिट्रुलिन झालेले, म्हणजे रासायनिक बदल झालेले, स्वतःचेच तुकडे अधिक पक्के धरले जातात आणि टी पेशी त्यांना परके समजण्याची शक्यता वाढते. धूम्रपानामुळे फुफ्फुसांत हाच बदल वाढतो. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत अँटी-सीसीपी प्रतिपिंड असलेला संधिवात अधिक आढळतो आणि उपचारांचा गुणही कमी येतो. निपाणीच्या तंबाखूवर ज्या भागाचा बाजार उभा राहिला, तिथे ही माहिती औषधाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.

एवढ्याने मात्र टी पेशी चेतत नाही. तिच्यावरील सीडी२८ या दुसऱ्या रिसेप्टरला समोरच्या पेशीवरील सीडी८० किंवा सीडी८६ येऊन जोडले गेले, तरच तिला पूर्ण इशारा मिळतो. चेतलेली टी पेशी बी पेशींना प्रोत्साहन देते. त्यांतून रुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडे तयार होतात, आणि बी पेशी आपल्या रिसेप्टरने पकडलेले तुकडे पुन्हा टी पेशींना दाखवून हे चक्र चालू ठेवतात. सांध्याच्या अस्तरात जमलेल्या पेशी मग टीएनएफ आणि आयएल-६ यांसारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात. ती आसपासच्या पेशींच्या रिसेप्टरांवर बसली की सूज वाढते, हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. आयएल-६ सारख्या अनेक रिसेप्टरांच्या आतल्या टोकाला जॅक ही विकरे असतात आणि संदेश पेशीच्या केंद्रापर्यंत त्यांच्यामार्फत जातो.

शेतात शिरणारे पाणी विहिरीवर, पाटावर किंवा वाफ्याच्या तोंडाशी अडवता येते, तसाच हा प्रकार आहे. मात्र जिथे अडवाल तिथून पुढचे सारे कोरडे पडते, हवे असलेलेही. नेमकी चुकलेली टी पेशी तिच्या रिसेप्टरवरून ओळखून फक्त तिलाच गप्प करणारे औषध आज संधिवातासाठी बाजारात नाही. म्हणून पाचही गट गरजेपेक्षा मोठा भाग बंद करतात. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या दिशेने संशोधन चालू आहे. पण ज्याला येत्या महिन्यात निर्णय घ्यायचा आहे त्याने ती वाट पाहू नये. सीएआर-टी या कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या पेशींच्या उपचाराबद्दलही हेच म्हणता येईल. भारतात त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळालेली मान्यता बी पेशींच्या कर्करोगासाठी आहे.

टीएनएफ: गट एक, स्वभाव दोन

या गटाचा अनुभव सर्वांत जुना आहे. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९९२ साली मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिले, आणि १९९८ पासून ही औषधे वापरात आली. यांतील एटानरसेप्ट म्हणजे टीएनएफचा रिसेप्टरच आहे. पेशीवरचा रिसेप्टर घेऊन तो प्रतिपिंडाच्या शेपटाला जोडलेला असतो. तो रक्तात तरंगत राहतो आणि टीएनएफ खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोहोचण्याआधीच त्याला अडकवतो. अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब ही मात्र प्रतिपिंडे आहेत. ती मोकळ्या टीएनएफला तर पकडतातच, शिवाय पेशीच्या पृष्ठभागावर बसलेल्या टीएनएफलाही घट्ट धरतात.

हा फरक पुस्तकी वाटला तरी आपल्यासाठी तोच मुख्य आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर पुष्कळदा मरत नाहीत. प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवतात आणि ती गाठ टिकवण्याचे काम बऱ्याच अंशी टीएनएफ करते. टीएनएफ काढून घेतल्यावर ती गाठ सैल पडते. ब्रिटनमधील रुग्णनोंदीच्या २०१० सालच्या विश्लेषणात, दर १,००,००० रुग्णवर्षांमागे क्षयाचे प्रमाण अडालिमुमॅबवर १४४, इन्फ्लिक्सिमॅबवर १३६ आणि एटानरसेप्टवर ३९ आढळले. हे आकडे अशा देशातले आहेत जिथे क्षय फारसा नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे ब्रिटनचे आकडे इथे तसेच्या तसे लागू करता येत नाहीत, पण तिन्ही औषधांमधील क्रम मात्र विचारात घ्यावा लागतो. अशा रुग्णांतील क्षय पुष्कळदा फुफ्फुसांबाहेर, म्हणजे गाठींत, मणक्यात किंवा पोटात उपजतो आणि खोकला नसल्यामुळे उशिरा ओळखला जातो, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून टीएनएफ गट सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, मॅन्टू चाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी, आणि घरात कोणाला क्षय झाला होता का याची सविस्तर विचारपूस आवश्यक असते. बीसीजीची लस घेतलेल्यांत मॅन्टू चुकीने सकारात्मक येऊ शकते, इग्रावर त्या लसीचा परिणाम होत नाही. मात्र स्टेरॉइड चालू असेल तर दोन्ही चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात. सुप्त क्षय आढळल्यास संधिवाताचे इंजेक्शन कायमचे रद्द होत नाही. आधी प्रतिबंधक उपचार सुरू करून साधारणपणे एक महिना गेल्यावर ते देता येते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात टीएनएफविरोधी औषध घेणाऱ्यांना प्रतिबंधक उपचारासाठी पात्र धरले आहे आणि ही औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. आठवड्यातून एकदा घ्यायच्या आयसोनियाझिड व रिफापेंटिन यांच्या बारा मात्रांचा तीन महिन्यांचा क्रमही आता उपलब्ध आहे. तालुक्याच्या क्षयरोग केंद्रात जायला अनेकांना संकोच वाटतो, पण या टप्प्यावर तो महागात पडतो.

टीएनएफ गटातूनच निवडायचे असेल आणि क्षयाची शंका असेल, तर एटानरसेप्टचे पारडे जड होते. डोळ्यांतील युव्हिआयटिस किंवा आतड्याचा क्रोन्स हा विकार सोबत असेल, तर ते पारडे उलटते, कारण तिथे प्रतिपिंडेच उपयोगी पडतात. अडालिमुमॅब व इन्फ्लिक्सिमॅब यांच्याविरुद्ध शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवू शकते आणि औषध हळूहळू निकामी होते. मेथोट्रेक्सेट चालू ठेवल्यास ही शक्यता कमी होते. हृदयाचे काम फारच मंदावलेले असेल किंवा मेंदू-मज्जारज्जूचा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा विकार असेल, तर हा गट टाळावा.

एटानरसेप्ट आठवड्यातून एकदा ५० मिलिग्रॅम आणि अडालिमुमॅब दोन आठवड्यांतून एकदा ४० मिलिग्रॅम घरीच टोचता येते, पण दोन्ही २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. काही कंपन्यांचे औषध थोडे दिवस २५ अंशांपर्यंत चालते, ते पाकिटावर पाहावे. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज दीर्घकाळ जाते, तिथे महिन्याचा साठा एकदम घरी आणून ठेवण्यापेक्षा बेळगावातील औषध दुकानातून एकेक मात्रा बर्फाच्या डब्यात आणणे शहाणपणाचे.

टोसिलिझुमॅब: रिसेप्टरच झाकला जातो तेव्हा

टीएनएफ गट संदेश पकडतो, टोसिलिझुमॅब संदेश घेणाऱ्या रिसेप्टरला झाकते. जपानमध्ये तदामित्सु किशिमोतो यांच्या आयएल-६ वरील संशोधनातून हे औषध उभे राहिले. २०२१ च्या कोविड लाटेत त्याच्यासाठी कशी धावाधाव झाली, हे अनेकांना आठवत असेल. आयएल-६ चा रिसेप्टर पेशींच्या पृष्ठभागावर असतो तसाच मोकळ्या स्वरूपात रक्तातही फिरतो, आणि टोसिलिझुमॅब या दोन्ही रूपांना बांधते.

टीएनएफशी तुलना करताना एक मुद्दा ठळकपणे पुढे येतो. यकृताच्या त्रासामुळे किंवा अन्य कारणाने ज्यांना मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही, त्यांच्यात एकट्याने दिलेले टोसिलिझुमॅब एकट्या अडालिमुमॅबपेक्षा सरस ठरले, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या समोरासमोरच्या चाचणीत दिसले. सतत थकवा, रक्त कमी आणि सीआरपी खूप वाढलेले असेल तेव्हाही हा पर्याय तर्कसंगत ठरतो, कारण ही लक्षणे बऱ्याच अंशी आयएल-६ मुळेच येतात.

मात्र याच कारणाने एक धोका उद्भवतो. यकृत सीआरपी बनवते ते आयएल-६ च्या सांगण्यावरून. तो रिसेप्टर झाकल्यावर न्यूमोनिया किंवा जखमेत पू झालेला असतानाही सीआरपी सामान्य दिसू शकते आणि तापही फारसा चढत नाही. गावातील डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचे माहीत नसेल, तर ते अहवाल पाहून काळजीचे कारण नाही असे सांगतील. म्हणून असा रुग्ण दूरच्या गावात राहत असेल, तर औषधाचे नाव लिहिलेले कार्ड खिशात असलेच पाहिजे. कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या चाचण्या वाढू शकतात, पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि आतड्याला छिद्र पडण्याचा धोका थोडा वाढतो. पूर्वी आतड्याच्या पिशव्यांना सूज आलेली असेल तर हे औषध टाळतात. शिरेतून चार आठवड्यांतून एकदा किंवा कातडीखाली १६२ मिलिग्रॅम दर आठवड्याला, अशा दोन पद्धती आहेत.

रिटुक्सिमॅब की अबाटासेप्ट

हे दोन्ही पर्याय चक्राच्या वरच्या टोकाला काम करतात, पण वेगवेगळ्या पेशींवर. ज्यांचा रुमॅटॉइड फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी सकारात्मक आहे त्यांच्यात दोन्हींचा गुण अधिक येतो. या चाचण्या नकारात्मक असतील, तर निदान तरी पुन्हा तपासावे किंवा या दोहोंपैकी रिटुक्सिमॅबबद्दल अपेक्षा कमी ठेवावी.

अबाटासेप्ट शरीरातील एका नैसर्गिक लगामाची नक्कल करते. टी पेशीवर सीटीएलए-४ नावाचा रिसेप्टर असतो आणि तो सीडी२८ पेक्षा अधिक घट्टपणे सीडी८० व सीडी८६ ला चिकटून टी पेशीला मिळणारा दुसरा इशारा तोडतो. हाच रिसेप्टर औषधाच्या रूपात बाहेरून दिला जातो. अडालिमुमॅबशी थेट तुलना झाली तेव्हा दोन वर्षांपर्यंत दोन्ही तोडीस तोड राहिले. जंतुसंसर्गाचा धोका पाचही गटांत तुलनेने कमी मानला जातो तो याच औषधात. वयस्कर, वारंवार छातीचा संसर्ग होणाऱ्या किंवा संधिवातामुळे फुफ्फुसाच्या आतल्या ऊतींना सूज आलेल्या रुग्णांसाठी म्हणूनच तज्ज्ञ त्याचे नाव घेतात. मात्र धूम्रपानामुळे जडलेला सीओपीडी हा श्वासमार्गाचा जुनाट विकार असेल तर सावधगिरी लागते. परिणाम हळू दिसतो. शिवाय सुरुवातीचे दोन-दोन आठवड्यांचे डोस झाल्यावर दर चार आठवड्यांनी रुग्णालयात जाऊन सलाईन घ्यावे लागते, आणि किंमत चढी असते. माझ्या मते ज्यांना खर्च पेलतो आणि येणे-जाणे जमते त्यांच्यासाठी हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. आपल्याकडे या दोन अटी एकत्र क्वचितच पुऱ्या होतात.

रिटुक्सिमॅब बी पेशींवरील सीडी२० या खुणेला बांधले जाते आणि त्या पेशी नाहीशा करते. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पक्व प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसते, म्हणून जुनी प्रतिपिंडे एकदम संपत नाहीत; परंतु नव्या जंतूला किंवा नव्या लसीला प्रतिसाद देण्याची क्षमता अनेक महिने मंदावते. इन्फ्लुएन्झा, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसी शक्यतो सलाईनच्या किमान दोन ते चार आठवडे आधी आटोपाव्यात. हिपॅटायटिस बीची तपासणी इथे ऐच्छिक नाही. पृष्ठभागावरील एचबीएसएजी आणि जुन्या संसर्गाची खूण असलेले अँटी-एचबीसी हे दोन्ही पाहावे लागतात, कारण दडून बसलेला विषाणू बी पेशी गेल्यावर उठू शकतो आणि यकृत निकामी करू शकतो. वारंवार फेऱ्या झाल्यावर रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनची पातळीही पाहत राहावी लागते.

तरीही सीमाभागातील रुग्णांच्या बाबतीत या औषधाचा विचार आज होतो त्याहून अधिक वेळा व्हावा, असे मला वाटते. क्षय उलटण्याचा धोका टीएनएफ गटाप्रमाणे वाढत नाही. एकदा १,००० मिलिग्रॅम आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच दिल्यावर साधारण सहा महिने सुटका असते. घरी फ्रीज लागत नाही. भातलावणीच्या आधी मे महिन्यात सलाईन घेतले, तर पावसाळा संपेपर्यंत खानापूरच्या आतल्या गावातून शहर गाठण्याची गरज बहुधा पडत नाही. भारतीय बनावटीचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाची जवळची नक्कल, २००७ पासून उपलब्ध असल्यामुळे वर्षाचा खर्चही इतर जैविक औषधांच्या मानाने आवाक्यात येतो.

इथेच योजनांचा मुद्दा येतो. कर्नाटकातील आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आणि महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी खुली केलेली महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना या दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती बेतलेल्या आहेत. घरी टोचायचे इंजेक्शन किंवा रोजची गोळी त्यांच्या चौकटीत सहसा बसत नाही. दाखल होऊन घेतलेले सलाईन बसण्याची शक्यता अधिक. आधार, रेशनकार्ड आणि सरकारी रुग्णालयाची शिफारसचिठ्ठी घेऊन, सलाईनची तारीख ठरण्यापूर्वीच रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर औषधाचे नाव सांगून लेखी विचारणा करावी.

जॅक गोळ्या: सोय मोठी, अट वयाची

टोफॅसिटिनिब, बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिब या गोळ्या कोणत्याही एका रिसेप्टरला हात लावत नाहीत. अनेक रिसेप्टरांच्या आतल्या टोकाला असलेली जॅक विकरे त्या थांबवतात, त्यामुळे आयएल-६, इंटरफेरॉन आणि इतर अनेकांचे संदेश एकाच वेळी मंदावतात. परिणाम लवकर, काहींना दोन-तीन आठवड्यांतच, जाणवतो. सुई नाही, फ्रीज नाही, प्रवास नाही, आणि टोफॅसिटिनिबच्या भारतीय गोळ्या इंजेक्शनांच्या तुलनेत स्वस्त आहेत. इतक्या सोयी पाहून अनेक जण थेट इकडे वळतात.

घाई करण्याआधी २०२२ साली प्रसिद्ध झालेली मोठी सुरक्षाचाचणी विचारात घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचे किमान एक कारण असलेल्या ४,३६२ रुग्णांना टोफॅसिटिनिब किंवा टीएनएफविरोधी औषध देऊन सुमारे चार वर्षे पाहण्यात आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू यांचे प्रमाण टोफॅसिटिनिबवर ३.४ टक्के आणि टीएनएफ गटात २.५ टक्के होते, कर्करोग ४.२ टक्के विरुद्ध २.९ टक्के. दर शंभरांमागे फरक एक-दोन रुग्णांचाच असला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ही चाचणी प्रसिद्ध होण्यापूर्वीच तिचा आढावा घेऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये संपूर्ण गटाला कडक इशारा जोडला आणि टीएनएफ औषध आधी वापरून पाहावे असे सांगितले. ६५ वर्षांवरील, दीर्घकाळ धूम्रपान केलेले, पूर्वी कर्करोग झालेले किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेले रुग्ण यांनी हा पर्याय शेवटी ठेवावा. वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या साठीच्या गृहस्थांसाठी केवळ स्वस्त आहे म्हणून ही गोळी निवडणे मला पटत नाही. चाळिशीच्या आतल्या, धूम्रपान न करणाऱ्या आणि रक्तदाब-मधुमेह नसलेल्या रुग्णासाठी मात्र ती पूर्णपणे वाजवी निवड असू शकते.

इंटरफेरॉनचा मार्ग मंदावल्यामुळे नागीण होण्याचे प्रमाण या गटात स्पष्टपणे वाढते. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन मात्रा लागतात आणि ती महाग आहे. परवडत असेल तर गोळी सुरू होण्यापूर्वी घ्यावी. क्षयाची तपासणी इथेही तितकीच आवश्यक आहे. गोळी आहे म्हणून ती चुकवू नये.

कोणाला काय

गरोदरपणाचा विचार असलेल्या स्त्रीसाठी निवड बरीच सोपी आहे. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड (संधिवाताची आणखी एक गोळी) आणि जॅक गोळ्या बाद होतात. मेथोट्रेक्सेट तर एक ते तीन महिने आधीच थांबवावे लागते. तिथे टीएनएफ गट पुढे येतो, आणि त्यातही सर्टोलिझुमॅब, कारण प्रतिपिंडाचे शेपूट नसल्यामुळे ते वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही. सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवता येतात.

घरात क्षयाचा रुग्ण होता किंवा इग्रा सकारात्मक आहे, अशा वेळी प्रतिबंधक उपचारासह रिटुक्सिमॅब, अबाटासेप्ट किंवा एटानरसेप्ट या क्रमाने डॉक्टरांशी बोलावे. हिपॅटायटिस बी सकारात्मक असल्यास रिटुक्सिमॅबचा विचार सोडावा किंवा यकृततज्ज्ञांच्या संमतीनेच करावा. मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नसेल तर टोसिलिझुमॅब किंवा, वय व धोके अनुकूल असल्यास, जॅक गोळी. शहापूर-वडगावच्या मागावर बसणाऱ्या विणकरासारखे ज्याचे पोट बोटांवरच अवलंबून आहे आणि ज्याला महिनाभरही थांबणे परवडत नाही, त्याच्या बाबतीत परिणामाचा वेग हा वेगळा निकष धरावा लागतो. त्यात टीएनएफ आणि जॅक गट पुढे, अबाटासेप्ट मागे. यांपैकी कोणतीही दोन औषधे मात्र एकत्र घेत नाहीत. तसे करून पाहिलेल्या चाचण्यांत गुण वाढला नाही, जंतुसंसर्ग वाढले.

निवडलेल्या औषधाला तीन महिने द्यावेत आणि सहा महिन्यांनी निकाल पाहावा. पहिले टीएनएफ औषध सुरुवातीपासूनच लागू पडले नसेल, तर त्या रुग्णाचा संधिवात मुख्यतः टीएनएफवर चालत नाही असे मानून दुसरी जागा निवडावी. फ्रान्समधील ३०० रुग्णांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका टीएनएफ औषधानंतर वेगळ्या गटाकडे वळलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना २४ आठवड्यांत गुण आला, दुसरेच टीएनएफ औषध घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांना. पहिले औषध वर्षभर उत्तम चालून मग ओसरले असेल, तर गोष्ट वेगळी: तिथे शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे केली असण्याची शक्यता मोठी असते, आणि अडालिमुमॅबवरून एटानरसेप्टवर जाणेही पुरेसे ठरू शकते.